बावन्न जणांचं गाणं

मिरज,
आषाढ वद्य पंचमी

चि. सोनू,

तुझा लांबलचक निरोप वाचला. फोनवर उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. बीड जिल्ह्यातली शाळा, सातवीच्या वर्गात ५२ मुलं, आठवड्याला दोन तासिका, एक जुनी पेटी आणि ‘पंधरा ऑगस्टला दहा मुलांचं समूहगीत बसवून द्या’ ही मुख्याध्यापकांची सूचना. दहा जणांची निवड कशी करू, असं तू विचारलंस. आणि त्याच्याच खाली, जरा दबकत, उरलेल्या ४२ जणांचं काय करू, असंही विचारलंस.

हा दुसरा प्रश्न मला फार आवडला. पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. निवड करूच नकोस. पंधरा ऑगस्टला सगळा वर्ग उभा राहू दे. स्पर्धेला मुलं पाठवायची वेळ येईल तेव्हा पाहता येईल, पण झेंड्यासमोर स्पर्धा नसते, हे मुख्याध्यापकांना आदराने सांग. ते ऐकतील.

मी हे इतक्या हट्टाने सांगते आहे, कारण शाळेत गाणं शिकवणाऱ्याच्या हातून सर्वांत मोठं नुकसान या निवडीतच होतं. पन्नाशी ओलांडलेली, चांगली शिकलेली किती तरी माणसं मला भेटली आहेत, जी आजही सांगतात, ‘आम्हाला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.’ त्यांना ते गाणं आठवतं, तो दिवस आठवतो, आपण कितव्या रांगेत उभे होतो तेही आठवतं. त्यानंतर ही माणसं घरच्या आरतीतसुद्धा फक्त टाळ्या वाजवतात. एका वाक्याने माणसाचा आवाज जन्मभरासाठी काढून घेता येतो, आणि हे वाक्य बहुतेक वेळा प्रेमळ, कामसू शिक्षकच बोलून जातात. त्यांना फक्त गाणं चांगलं व्हायला हवं असतं.

तुझी नेमणूक अंशकालीन निदेशक म्हणून आहे. मानधन तुटपुंजं आहे आणि तेही वेळेवर येईलच असं नाही, याचा राग मलाही येतो. पण ही जागा कशी आली ते लक्षात ठेव. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत, असं सांगितलं. कायद्याने मोजली ती पटावरची सगळी मुलं. त्यातली गाणारी कोणती आणि न गाणारी कोणती, हे कायद्याने विचारलं नाही. तूही विचारू नकोस. आणि गणिताचे सर ‘आज तुमचा तास मला द्या, धडा राहिलाय’ म्हणाले, तर पहिल्यांदा दे, दुसऱ्यांदा देऊ नकोस.

आता वर्गाकडे येते. तू घरी शिकलीस, समोर गुरू आणि तू एकटी. तुझ्या मनात शिकण्याचं तेच चित्र असणार. पुष्कळांना एकत्र बसवून गाणं शिकवता येतं, हेच आपल्याकडे उशिरा पटलं. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६मध्ये गायनशाळा काढली. पुढे आपल्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर दूर लाहोरला गेले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. अभ्यासक्रम, वर्ग, क्रमिक पुस्तकं, परीक्षा, सगळं त्यांनी उभं केलं. उस्तादांच्या मर्जीवर आणि घराण्याच्या उंबरठ्यावर अडलेली विद्या त्यांनी फळ्यावर आणली. हे काम केवढं मोठं आहे, हे मिरजेच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण फळ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाचं तोंड शिक्षकाकडेच असतं. शेजारचा काय गातो आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. गुरुगृही हे असं नव्हतं, बरं का. नव्या शिष्याचे पलटे बहुधा थोरला गुरुबंधूच घोटून घ्यायचा, आणि गुरुजी आतल्या खोलीतून ऐकत असायचे. शाळेचा वर्ग झाला तेव्हा ही गोष्ट हातातून निसटली. जिथे ती टिकली तिथे काय झालं ते पाहा. पलुस्करांचे शिष्य बा. र. देवधर यांनी १९२५मध्ये मुंबईत संगीताची शाळा काढली. वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांना तिथे मान होता आणि विद्यार्थ्यांच्या कानांवर सगळं पडायचं. कुमार गंधर्व लहान वयात तिथे शिकायला आले आणि पुढे तिथेच शिकवायलाही लागले. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात तिथे भिंत नव्हती. मला तुझ्या सातवीच्या वर्गात असंच काही झालेलं पाहायचं आहे. त्यासाठी कुमार गंधर्व पटावर असण्याची गरज नाही.

सुरुवात अशी कर. पहिले काही तास पेटी उघडूच नकोस. मला पेटीचा राग नाही. पण पेटी वाजायला लागली की मुलं तिला टेकून गातात आणि एकमेकांना ऐकणं थांबवतात. बाकं भिंतीला लाव, मुलांना जमिनीवर गोल बसव, फोनवर तंबोरा लाव आणि सगळ्यांना आकारात सा धरायला सांग. नियम एकच. शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपला आवाज मोठा झाला आहे. पहिल्या दिवशी खिदळतील. दुसऱ्या दिवशीही खिदळतील. मग एखाद्या क्षणी सगळे स्वर एकमेकांत मिसळतील आणि वर्गात तंबोऱ्याशिवाय आणखी कसली तरी आस घुमते आहे, हे त्यांनाच कळेल. त्या वेळी तू काही बोलू नकोस. मुलांनाच विचार, आत्ता काय झालं? त्यांची उत्तरं वहीत लिहून ठेव.

पट्टीचं सांभाळ. तू काळी चारमध्ये गातेस, आणि नकळत मुलांनाही तिथेच ओढशील. तुझा मध्य षड्ज त्या वयाच्या पोरांना फार खाली पडतो. ओळीचे खालचे स्वर ती पुटपुटतात आणि वरचे ओरडतात, मग आपण म्हणतो मुलं बेसूर आहेत. गाणं सा ते तार सा एवढ्यातच फिरणारं असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक धर, लागलं तर पांढरी दोनपर्यंत जा. तुला वर जायला कष्ट पडतील, पडू देत. परिपाठात जे कुणी पहिला सूर देतात त्यांनाही हे शिकव. राष्ट्रगीत आणि राज्यगीत रोज गायलं जातं, आणि पुष्कळ शाळांत ते निम्म्यावर येईतो मुलांचा घसा तरी ताणतो, नाही तर आवाज गुडूप होतो. वर्गातल्या दोघांना सूर देण्याचं काम नेमून दे. आठवड्याने जोडी बदल. वर्षअखेर बावन्नही जणांना पट्टी म्हणजे काय ते कळलेलं असेल, आणि त्यावर तुला एकही व्याख्यान द्यावं लागणार नाही.

सातवी-आठवीत मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांबतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, आणि मधल्या काळात तो कधी कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. या वयात जो मुलगा गाण्यातून उठतो तो बहुधा कायमचाच उठतो. त्याला उठू देऊ नकोस. खालच्या सप्तकात नुसता सा आणि पंचम धरायला दे, ठेका दे. आणि वर्गाला आधीच सांगून ठेव, की हे सगळ्यांचं होतं, यात हसण्यासारखं काही नाही. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, तेही सांग.

आणि ज्याचा सूर लागतच नाही त्याचं काय? इथे सगळे घाई करतात. आपण सा देतो, तो भलतीकडेच कुठे तरी लावतो, आपण पुन्हा तोच सा देतो, आणखी जोरात. त्याऐवजी तू त्याच्याकडे जा. तो जो स्वर लावतो आहे तो तू धर, वर्गालाही धरायला सांग. आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलाला कळतं की आपला आवाज कुणाच्या तरी आवाजाला मिळाला. हे मिळणं कसं लागतं, ते एकदा कानाला समजलं की तिथून अर्धा स्वर, एक स्वर असं हळूहळू सगळ्यांनी मिळून सरकायचं. कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज वर-खाली नेण्याचा खेळ घे, त्यात घसा मोकळा होतो. जन्मजातच स्वर ओळखू न शकणारी माणसं फार थोडी असतात. बाकीच्यांना कुणी थांबून ऐकलेलं नसतं, एवढंच.

नवं गाणं सगळ्यांना एकदम शिकवू नकोस. चार-पाच जणांना आधी शिकव. मग त्यांनी पुढच्या चार-पाच जणांना शिकवायचं. आणि ते चार-पाच दर वेळी नवे हवेत, हुशार म्हणून ठरलेले नकोत. मुलं मुलांना जे सांगतात ते आपल्याला सुचत नाही. ‘इथं खाली बसल्यावानी कर,’ असं एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि कोमल निषाद बरोबर लागला, असं माझ्या वर्गात घडलेलं मी ऐकलं आहे. तू मागे बसून ऐक. चुकीचं शिकवलं गेलं तरी लगेच तोंड घालू नकोस. दुसरा गट ते पकडतो की नाही, ते आधी पाहा.

तू लिहिलंस की मुलांना ‘संगीताची काहीच पार्श्वभूमी नाही.’ हे वाक्य मात्र मला पटलं नाही, बाळा. तुझ्या भागात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. तुझ्या वर्गात टाळ धरणारं पोर नक्की आहे, आणि पखवाजावर हात बसलेलं एखादं तरी असेलच. त्याला भजनी ठेक्याच्या आठ मात्रा कुणी मोजून दाखवल्या नसतील, पण झोपेतसुद्धा तो त्या चुकणार नाही. त्याला ताल शिकवायला उभं कर. बंजारा तांड्यावरच्या मुली श्रावणात तीज मांडतील, टोपल्यांत गहू उगवतील आणि नऊ दिवस गोरबोलीत गातील. त्यांना वर्गात ती गाणी कधीच कुणी विचारलेली नसतात. काही घरांत वामनदादा कर्डकांची भीमगीतं मुखोद्गत असतील, कुणाच्या घरी कव्वाली, पैगंबरांच्या स्तुतीची नात, कुणाच्या घरी संबळावरचा गोंधळ. आजीकडे जात्यावरच्या ओव्या असतील. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सगळ्या बायकांच्या, बहुतेकींनी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एक ओळ काढते, दुसरी उचलते. शिकण्याची याहून सुंदर बैठक मला माहीत नाही.

हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनी तरुणपणी खेड्यापाड्यांतून लोकगीतं गोळा केली आणि पुढे मुलांच्या शाळेतलं संगीतशिक्षण त्याच गाण्यांवर उभं केलं. आपल्याला तर खेड्यात जायचंही नाही, खेडंच दप्तर घेऊन वर्गात येऊन बसलं आहे.

वर्गाची म्हणून एक जाड वही कर. प्रत्येकाने घरातलं एक गाणं आणायचं, स्वतः म्हणून दाखवायचं, वर्गाने ते शिकायचं आणि वहीत लिहायचं. कुणाकडून मिळालं तेही लिहायचं. अभंग, भीमगीत, तीजेचं गाणं, नात, सगळं एकाच वहीत. यावर गावातून कुणी तरी कुरकुर करेल, याची तयारी ठेव. कुणी म्हणेल, आमच्या पोराला हे कशाला? तेव्हा घाबरू नकोस, वाद घालू नकोस, आणि वहीतलं एकही पान गाळू नकोस. ज्यांच्या वस्त्या वेगळ्या, पाणवठे वेगळे होते, त्यांच्या मुलांनी एकमेकांच्या आयांची गाणी एका सुरात म्हणणं, याला मी शाळेतल्या संगीताचं सर्वांत मोठं काम मानते. राग ओळखता येणं त्याच्या पुष्कळ खाली येतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ती. तू जूनमध्ये रुजू झालीस, म्हणून तुला अजून दिसलेलं नाही. दसरा-दिवाळी झाली की तुझ्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागतील. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ट्रकात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऊसतोडीला निघतील आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततील. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने आजी-आजोबांजवळ गावातच राहतील. बाकीची आईबापांबरोबर जातील. त्यातली पुष्कळ इकडे, आमच्याकडे येतात. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर, कारखान्यांच्या आसपास, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे अंधारात फडावर जातात, आणि तुझ्या सातवीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपी सांभाळते, नाही तर वाढ्याच्या पेंढ्या बांधते. शाळा त्यांना शिक्षण हमी कार्ड देईल, म्हणजे इकडच्या शाळेत त्यांना बसता यावं. काही बसतात. पुष्कळ बसत नाहीत, कारण शाळा लांब असते आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणी नसतं.

ही मुलं परत येतात तेव्हा गणितात मागे पडलेली असतात, इंग्रजीत मागे पडलेली असतात, आणि हे त्यांना रोज, प्रत्येक तासाला कळत असतं. गाण्याच्या तासाला ती मागे पडलेली असता कामा नयेत. हे आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच वर्ग तुझ्याभोवती नको, एकमेकांभोवती उभा राहायला हवा. शिक्षकाने पुढे नेलेल्या वर्गात परत आलेल्या मुलाला जागा शोधावी लागते. मुलांनी एकमेकांना शिकवत ठेवलेल्या वर्गात त्याची जागा तशीच राहते, कारण त्याच्या घरचं गाणं वहीत आहे आणि मागे राहिलेल्यांनी ते महिनोन्‌महिने म्हटलेलं आहे.

जाणाऱ्या प्रत्येकाला वहीतली चार-पाच गाणी एका पातळ वहीत उतरवून दे. ती उतरवण्याचं काम मागे राहणाऱ्या मुलांना दे, तू करू नकोस. आणि जाणाऱ्यांना काम सांग, की येताना एक गाणं घेऊन या. कोप्यांवर वेगवेगळ्या गावांची, तालुक्यांची माणसं जमतात. काही टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, तिथे मुलांच्या कानावर कानडी पडतं. धाकट्या भावाला झोपवणारी मुलगी शेजारच्या कोपीतली अंगाई उचलते. ती परत येईल त्या दिवशी तिला ‘काय काय बुडलं’ हे विचारू नकोस. तिला पुढे बोलाव आणि वर्गाला तिच्याकडून शिकू दे. त्या दिवशी शिक्षक ती.

परीक्षांचं थोडक्यात. ज्यांना गांधर्व मंडळाची प्रारंभिक किंवा प्रवेशिका द्यायची असेल त्यांना जरूर बसव, चार चांगल्या गोष्टी पक्क्या होतात. पण वर्गाचं माप ते नव्हे. तुला वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतील. तिथे ‘आवाज गोड आहे’, ‘गायनात रस घेतो’ असलं काही लिहू नकोस. या सत्रात या मुलाने कुणाला काय शिकवलं आणि कुणाकडून काय घेतलं, ते लिही. प्रत्येकापुढे तुला लिहायला काही सापडलं, तर वर्ग नीट चालला आहे असं समज.

तंबोऱ्याचं विचारलं होतंस. फोनवर भागतं, पण मुलांनी खरी तार एकदा तरी छेडली पाहिजे. इथल्या सतारमेकर गल्लीत मी एक जुना तंबोरा पाहून ठेवला आहे. भोपळा चांगला आहे, जवारी पुन्हा काढावी लागेल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून कारागिरांना जरा बरे दिवस येतील अशी आशा आहे, त्यामुळे मी घासाघीस केली नाही. तंबोरा दिवाळीला तू येशील तेव्हा घेऊन जा. आणि तो कपाटात कुलपात ठेवू नकोस. कुणी कधी छेडायचा आणि कुणी पुसून ठेवायचा, त्याच्या पाळ्या मुलांनाच लावू दे.

एक काम मात्र दिवाळीआधी विसरू नकोस. वर्गातलं कोण कोण जाणार आहे आणि कोणत्या कारखान्यावर, याची यादी घरच्यांशी बोलून कर आणि मला पाठव. सांगली-कोल्हापूरकडे जी मुलं येतील त्यांच्या कोप्यांवर मी जाईन. वही जपली आहे का ते पाहीन, त्यांच्याबरोबर बसून गाईन, आणि त्यांनी नवं काही उचललं असेल तर तुझ्या वर्गासाठी लिहून घेईन. माझ्या ओळखीचे दोघे-तिघे निवृत्त शिक्षक यायला तयार आहेत. तू फक्त नावं कळव.

तुझी,
मावशी